भोंगा टाइम आणि मोहरील सर

आम्हा छापाचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्यांच्या धंद्यात मजकूर आधी वाचत नाहीत, आधी जुळवतात. डोळा कागदावरच्या पुढच्या अक्षरावर, हात खिळ्यांच्या पेटीतल्या, आमच्या भाषेत केसमधल्या, घरात... अर्थ मागाहून येतो, कधी येतही नाही. त्या दिवशी कॉलेजचा शिपाई बळीराम एक कागद घेऊन छापखान्यात आला, "काळी चौकट टाकजा, सांजेलोक पायजे," म्हणाला आणि नेहमीसारखा बाकावर न टेकताच निघून गेला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' एवढं तर माझा हात झोपेतही जुळवील. पुढे 'प्रा.' आलं. मग 'मो', मग 'ह', मग 'री'... अमरावतीत मोहरील पुष्कळ, असं मनाशी म्हणत मी 'ल' उचलला, हातातल्या स्टिकमध्ये, ओळ जुळवायच्या पट्टीत, बसवला, आणि मग माझा हात थांबला. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, उलटं वाचण्यात माझी उमर गेली. तरी ते नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. मालक गुलाबराव मागे येऊन उभे राहिले तेव्हा त्यांना मी फक्त स्टिक दाखवली. ते खाली बसले आणि म्हणाले, "अबे, मंगळवारी तं इथं च्या पिऊन गेला तो माणूस!"

त्याला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी "सरांवर तुम्ही लिहा" म्हटलं तेव्हा मी घाबरलोच. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. दुसऱ्यांची वाक्यं जुळवत आलो, स्वतःचं एकही वाक्य कधी छापलं नाही. हे दुसऱ्या छापखान्यातला कोणी भाऊ जुळवील, त्याला माझ्या अक्षराचा त्रास होईल, त्याची आधीच माफी मागतो. पण सरांबद्दल लिहायचं म्हटलं की मला अजूनही धावत सुटल्यासारखं होतं, शांतपणे लिहिता येत नाही. त्यांच्याजवळ बसून कुणी शांत राहिलंय असं मी पाहिलंच नाही.

मी मूळचा राजापूरकडचा, समुद्राच्या अंगाचा. एका लांबच्या मामाच्या ओळखीनं इथं आलो, तेव्हा अमरावती जुन्या मध्य प्रदेशात होती. मला तर ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखी वाटली. झाड नाही, खाडी नाही, काळी माती आणि डोक्यावर आगीची परात. बोलणं ऐकून वाटे की जो तो मला रागावतोय. "काहून बे, जेवला नाई का?" हे मायेचं बोलणं आहे हे कळायला मला सहा महिने लागले. गुलाबरावांनी नुसती हाक मारली तरी वाटायचं, की झालं, आता गाडीभाडं देऊन परत पाठवतायत. अशा दिवसांत कॉलेजातले इतिहासाचे मोहरील सर आपल्या लेखाची प्रुफं घेऊन आले. ठेंगणे, पुढे वाकून चालणारे, कोटाच्या खिशात चणे. प्रुफात त्यांनी एकही खूण केली नव्हती. एका वाक्यावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "हे तुले पटलं का?"

मी म्हणालो, "मला काय कळतंय त्यातलं?"

"अरे, एक एक अक्षर तुह्या बोटाखालून गेलं. माह्या बायकोनंही इतकं बारीक वाचलं नाई. पटलं का सांग."

मला ते पटलं नव्हतं! आणि भीत भीत मी तसं सांगितलं. सरांनी मूठभर चणे माझ्या केसवर ओतले, खिळ्यांच्या घरांत, आणि उभ्या उभ्या ते वाक्य बदललं. गुलाबराव चणे वेचत बडबडत होते, "आता 'क'च्या घरात चणा छापजो!" त्या दिवसापासून मी त्यांचा पहिला वाचक झालो. कोणी मला कधी काही विचारलं नव्हतं हो... लोक मला फक्त सांगत असत.

सरांचा विषय एकच. इंग्रज गेला, पण तो जे जे मांडून गेला त्याचं काय? कचेऱ्या, सर्व्हेचे नकाशे, कापसाचे जीन-प्रेस, आगगाडी. हे चांगलं की वाईट यावर भांडणारे पुष्कळ होते. सर म्हणत, त्या भांडणात मला रस नाही. मला एवढंच सांगा, आज ते कोण चालवतंय, आणि काहून? शेवटचा 'काहून', म्हणजे 'का', ते अस्सा उडवीत की समोरच्याला जागेवर बसवत नसे. मात्र त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच दारात येऊन उभं राहील, असं त्यांना तरी कुठे वाटलं होतं.

कॉलेजजवळ तेव्हा एक जुना जीन-प्रेस होता, कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. पूर्वी इंग्रज कंपनीचा, स्वराज्यानंतर इथल्याच एका शेटजींनी घेतलेला. त्याचा भोंगा म्हणजे आमच्या भागाची आई. भोंगा झाला की चूल, भोंगा झाला की दुकानाची फळी, भोंगा झाला की कॉलेजची घंटा. बळीराम कॉलेजचं मोठं घड्याळ रोज त्या भोंग्यावर लावायचा. स्टेशनवरचं घड्याळ मागे दिसायचं, त्याला आम्ही सगळे हसायचो. "टेशनचं घड्याळ सुस्त आहे," हे आमच्याकडचं लहान पोरही सांगे.

आणि त्या वर्षी इंटरची परीक्षा आली. केंद्राचे सुपरिंटेंडेंट मोहरील सर. शिस्तीचे असे पक्के की पेपर सुरू झाला की फाटक बंद, मग प्राचार्यांचा जावई आला तरी नाही. मी बैठकीच्या क्रमांकांच्या पट्ट्या घेऊन गेलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. भोंगा झाला, सरांनी मान हलवली, बळीरामानं फाटक लावलं. थोड्या वेळानं एक मुलगी धापा टाकीत आली. पायांवर धूळ, हातात दौत आणि टाक रुमालात बांधलेले. नाव सुमन वानखडे. रिद्धपूरच्या शाळेत हंगामी मास्तरीण, घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसलेली. इंटर झाली तर नोकरी पक्की, नाही तर जूनमध्ये दुसरी बाई येणार. ती चांदूर बाजारकडून येणाऱ्या मोटारीतून उतरली होती आणि मोटार स्टँडवर वेळ विचारूनच निघाली होती.

"सर, अजून वेळ आहे," ती गजांतून म्हणाली.

"बाई, भोंगा झाला," बळीराम हसला.

सर फाटकाशी गेले. आवाज कडक नव्हता, पण नियमाचा होता. "पहिला पेपर गेला तुमचा. बाकीचे द्या. मले फाटक उघडता येत नाई."

ती रडली नाही. गजाला धरून तिनं विचारलं, "सर, भोंगा कोणाच्या घड्याळावर वाजते?"

तिला थांबायला सांगून सर आत वळले. पेपर संपेपर्यंत ते हॉलमध्ये येरझारा घालत होते, आणि संपल्याबरोबर कोटसुद्धा न घालता, भर उन्हात, तिला आणि मला घेऊन स्टेशनवर गेले. स्टेशनमास्तर जाम वैतागलेले. म्हणाले, "साहेब, आमचं घड्याळ रोज तारेनं येणाऱ्या वेळेशी मिळवतात. तुमचं गाव आमालेच सुस्त म्हणते!" परतीच्या वाटेवर सर सुमनबाईंना म्हणाले, "उरलेले पेपर सोडू नका. पहिल्याचं मी पाहतो." त्या म्हणाल्या, "तुमी काय पाहान सर? फाटक तं लागलं." त्यावर सरांची चाल वाढली. आम्ही दोघं अक्षरशः मागे धावत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काय करावं? अंबागेटजवळच्या हॉटेलात रेडिओ होता, तो त्यांनी मालकाला पटवून रस्त्यावरच्या टेबलावर आणवला. आकाशवाणीच्या बातम्यांआधी ठोके येतात, त्या वेळेला भोंगाही असतो, दोन्ही एकदम ऐकू, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं. ही गर्दी! विडीवाले, टांगेवाले, कॉलेजची पोरं, दळणाचे डबे घेतलेल्या बाया. भोंगा झाला. सगळे रेडिओकडे पाहायला लागले. रेडिओवर कोणी बाई निवांत गात होती. लोक वाट पाहतायत, बाई गातेय... एक टांगेवाला ओरडला, "झोपले का बे दिल्लीवाले?" दोन कप चहा होऊन गेले तेव्हा ठोके पडले, टुक, टुक, आणि असा कल्ला झाला, अशा शिट्ट्या, की बातम्या कुणाला ऐकूच आल्या नाहीत. एक म्हातारे गृहस्थ मात्र ठाम होते. "दिल्लीचा टाइम येगळा, आपला येगळा. तिकडं दिवस उशिरा निंगते." सरांनी त्यांना मिठीच मारली. "काका, तुमी बरोबर बोलले! आपला टाइम खरंच येगळा आहे. आता तो कोणाचा आहे ते हुडकू."

ते हुडकायला आम्ही अकोल्याला, त्या कारखान्याच्या जुन्या मिस्त्रींकडे, गेलो. मला सुट्टी मागायची भीती वाटत होती. सरांनी गुलाबरावांना सांगितलं, "याच्याबिगर मी जात नाई, माह्या लेखाची खरी परीक्षा हाच घेते." बडनेऱ्याहून गाडीत बसलो तसं सरांचं सुरू झालं. समोरच्या बाकावरच्या कापसाच्या अडत्याला ते विचारू लागले की तुझा दिवस केव्हा सुरू होतो, कोणी ठरवलं, काहून? मूर्तिजापूर येईपर्यंत अख्खा डबा हातवारे करून भांडत होता. मी खिडकीशी बसून आनंदानं सगळं ऐकत होतो. शाळेत मला असं कधी झालं नव्हतं. शाळा अशी असती तर मी ती सोडली असती का, असं वाटून गेलं...

अकोल्यात रहीम मिस्त्री मुलाकडे राहत होते. इंग्रज कंपनीच्या काळात अमरावतीच्या त्या कारखान्यात भोंग्याची साखळी त्यांच्याच हातात असे. त्यांनी आम्हाला सरबत दिलं आणि अगदी सहज सांगितलं, यात काही लपवण्यासारखं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "बाया दूर दूरच्या खेड्यांतून यायच्या, देर व्हायची. मंग साहेबानं भिंतीवरचं घड्याळच पुढं करून टाकलं. सबेरे भिंतीच्या घड्याळानं भोंगा, बाया आत. शाम को साहेबाच्या जेबातल्या घड्याळानं बाहीर."

"आन् साहेब गेला तवा?" सरांनी विचारलं. ते अर्धे उठले होते.

"जेबातलं घड्याळ घेऊन गेला ना विलायतेले! भिंतीवरचं राहिलं. नव्या शेटले काय मालूम? कारखान्याच्या संगं घड्याळ आलं. आता आतही तेच, बाहीरही तेच. मजुराचं बराबर झालं."

"मजुराचं बराबर झालं," सर म्हणाले, "आन् गावाचं चुकलं!" त्यांनी आपल्याच मांडीवर थाप मारली, सरबत सांडलं, आणि ते खो खो हसायला लागले. मिस्त्रीही हसले, मीही हसलो. पण परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर आल्यावर, सर हळूच म्हणाले, "साहेबानं आमच्या कॉलेजले कदी म्हटलं होतं का, माह्या भोंग्यावर घंटा देजा म्हणून? नाई. ते आमी आमच्या सोयीनं केलं. त्याची चोरी त्याच्या कंपाऊंडात होती. ती फाटकाबाहेर आमी आणली... आन् त्या पोरीचं फाटक मी लावलं."

पहिल्या पेपरची वेळ चुकली होती, हे आता स्पष्ट होतं. पण केंद्रानं तसं विद्यापीठाला लेखी कळवल्याशिवाय सुमनबाईंना तो पेपर पुन्हा मिळणार नव्हता. सर प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य माणूस म्हणून वाईट नव्हते, पण पांढरेफटक पडले. "मोहरील, कॉलेजचं घड्याळ चुकलं असं लिहायचं? मग आतापर्यंतच्या परीक्षांचं काय? त्या सगळ्या खोट्या? एका मुलीसाठी संस्थेचं नाव..." सर म्हणाले, "नाव तिचंही आहे." आणि बाहेर येऊन तडक आमच्या छापखान्यात. उभ्यानंच लेख लिहायला घेतला. पान झालं की मी जुळवायचं, अशी शर्यत. पहिलंच वाक्य होतं, 'माझ्या हातून एका विद्यार्थिनीचा पेपर बुडाला.' इतिहासाच्या लेखाची सुरुवात अशी मी पाहिली नव्हती. पुढे लिहिलं होतं, की यंत्राला दोष देऊ नका, यंत्र आपण सांगू तेव्हाच ओरडतं. मांडणारा निघून गेला की मांडलेलं आपलं होतं, आणि त्याचा जबाबही आपणच द्यायचा असतो. संस्थेला स्वतःचं तोंड नसतं, म्हणून तिची चूक आतल्याच कोणाच्या तरी तोंडून बाहेर यावी लागते. ही तीन वाक्यं मला आजही खिळ्यांच्या वजनासकट आठवतात.

आता अडचण अशी, की त्या कारखान्याच्या गाठींची लेबलं आमच्याच छापखान्यात छापली जात, आणि कॉलेजचंही सगळं काम आमच्याकडेच. मी तर मनानं राजापूरच्या बोटीत बसलो होतो. गुलाबरावांनी लेख वाचला, टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. म्हणाले, "छाप. पण आपल्या छापखान्याचं नाव खाली लय बारक्या टायपात टाक." मग दाराशी जाऊन परत आले. "जाऊ दे बाप्पा... मोठ्या टायपात टाक. सापडाचंच आहे तं नीट सापडू."

लेख गावभर फिरला. सरांनी सुपरिंटेंडेंट म्हणून आपल्या एकट्याच्या सहीनं विद्यापीठाला कळवलं, की केंद्राचं घड्याळ पुढे होतं आणि फाटक मी लावलं. उत्तर यायला उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्यात सुमनबाई दर बाजाराच्या दिवशी छापखान्यात डोकावत. "आलं का काई?" "नाही." "बरं." जूनमध्ये त्यांच्या जागेवर दुसरी बाई आलीच. त्या दिवशी सर आमच्या बाकावर बसून राहिले आणि चणेही खाल्ले नाहीत. पावसाळ्यात उत्तर आलं, पुरवणी परीक्षेत तो पेपर द्यायची परवानगी मिळाली. सरांनी तो कागद हातात धरून छापखान्यातून रस्त्यावर धाव घेतली, आणि कुणाला सांगावं हे न सुचून समोरच्या न्हाव्याला सांगितलं! सुमनबाई इंटर झाल्या. मग सरांच्याच हाताखाली बी.ए. झाल्या, नागपूरहून एम.ए. करून आल्या, आणि आता त्याच कॉलेजात इतिहास शिकवतात. कॉलेजची घंटा रेडिओवर लागायला लागली. भोंगा आहे तसाच राहिला. बरेच दिवस आमच्या भागात दोन वेळा चालत होत्या, एक भोंगा टाइम आणि एक मोहरील टाइम. बाया पोरांना सांगत, "दळण मोहरील टाइमानं आणजो."

सरांचं सुपरिंटेंडेंटपण मात्र काढून घेतलं गेलं. मला त्याचं फार लागलं. पण पुढच्या मार्चमध्ये पट्ट्या घेऊन गेलो तर काय पाहतो... सर फाटकाबाहेर, रस्त्यावर, मोटार स्टँडकडे तोंड करून उभे! बळीराम आतून म्हणतोय, "सर, तुमी आता सुपरिंटेंडेंट नाई." आणि सर म्हणतायत, "म्हणून तं बाहीर आहो." भोंगा झाला तसा बळीरामाचा हात सवयीनं कडीकडे गेला, पण पेपरची खरी वेळ होईपर्यंत सर आत गेले नाहीत, आणि ते बाहेर असेपर्यंत बळीरामाला फाटक लावता येईना. प्राध्यापकाला बाहेर ठेवून कडी कशी घालणार? तेव्हापासून दर वर्षी हेच. पुढे त्यांना ते पद परत मिळालं, तरी उभे राहायचे ते बाहेरच. मी एकदा विचारलं, आत सावलीत का नाही थांबत? म्हणाले, "आतून फक्त उशीर दिसते रे. येणारा माणूस बाहेरूनच दिसते."

ते गेले आणि यंदा परीक्षा आली. माझा पाय त्या रस्त्याला वळत नव्हता, पण पट्ट्या पोचवायच्या होत्या. ऊन चांगलंच तापलं होतं. भोंगा केव्हाच होऊन गेला होता. बळीराम कडीवर हात ठेवून उभा, आता पिकल्या मिशांचा. आणि फाटकाबाहेर, रस्त्यावर, डोक्यावर पदर घेऊन, मोटार स्टँडकडे तोंड करून सुमनबाई उभ्या होत्या.

"बाई, तुमाले कोणी ड्यूटी देली इथं?" बळीराम विचारत होता.

"कोणीच नाई," त्या मागे न पाहता म्हणाल्या.

रस्त्याच्या टोकाशी एक परीक्षार्थी दिसला. चपला हातात घेऊन जिवाच्या आकांतानं पळत येत होता, त्याचे डोळे फाटकावर खिळलेले. सुमनबाईंनी हात उंच केला आणि वर्गात लागतो तसल्या मोठ्या आवाजात ओरडल्या,

"धावू नको रे बापू! मी अजून बाहीरच आहो."